चौदा नंबरचा खांब

बोथोलेंग,
रविवार, ९ जून २०१९

प्रिय मोदिएही,

तुझ्या घरी शांती असो. तू बरी असशील. केपटाउनात आता पावसाचे दिवस, म्हणजे तुझ्या गुडघ्याने त्याची वर्दी आधीच दिली असेल. इथे आम्ही थंडीने गारठलोय. सकाळी अंगणातला नळ गोठतो, किटलीभर कोमट पाणी ओतून त्याला जागं करावं लागतं. माझं बरं चाललंय. रक्तदाबाची गोळी घेते, चर्चच्या गायनवृंदात दुसऱ्या आवाजात गाते आणि तू लावलेल्या पीचच्या झाडाशी भांडते. यंदा त्याने इतकी फळं दिली की मुरंब्याच्या बाटल्या पलंगाखाली सरकवाव्या लागल्या.

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू गप्प राहिलीस की ती शांतता मला ऐकावी लागते. कागदावर निदान माझी बडबड पुरी होते.

कारण साधं आहे. आईच्या कबरीवर अखेर दगड बसतोय. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी अनावरण ठरलंय. काळा दगड, वर तिचं नाव आणि खाली कणसाचं चित्र. चित्र मामांच्या हट्टासाठी. आई म्हणाली असती, जन्मभर कणसंच सोलली, आता इथेही का? कार्यक्रमपत्रिका नेहमीप्रमाणे मीच लिहायची आहे. तुझं नाव त्यात असेलच.

परवा सेंट ओडिलिया शाळेवरून गेले. जेवणघराचं छप्पर गेलंय, पण दारात उभी राहिले आणि शपथेवर सांगते, फरशीच्या लाल मेणाचा वास आला. सिस्टर आडेलहाइड आठवते? पट्टी हातात घेऊन बाकांमधून फिरायची. ‘जे सुंदर अक्षरात लिहिता येत नाही, ते लिहिण्यासारखं नसतंच, मुलींनो.’ तू एकदा मुद्दाम शाईचा डाग पाडून विचारलंस, सिस्टर, हा सुंदर डाग चालेल का? तुला पट्टी बसली आणि रडले मी.

प्रभाग कार्यालयात अजून मीच कारकून आहे. मार्चमध्ये निवृत्त होईन. लोक पत्त्याच्या दाखल्यासाठी येतात, नळाची, गटाराची तक्रार घेऊन येतात, मी लिहून घेते. मध्यंतरी आमचा फ्रीज बंद पडला होता, तो केनुवेने दुरुस्त करून दिला. केनुवे म्हणजे पलीकडच्या गल्लीतली, चोवीस वर्षांची. फ्रीज, शेगड्या, जे म्हणशील ते खोलून बसते. हातात पाना आणि तोंडात गाणं. सध्या इस्पितळात आहे बिचारी. त्याबद्दल पुढे लिहीन.

दार वाजलं असं वाटलं म्हणून उठून बघून आले. कुणी नव्हतं.

चहा गार झाला. बाकी सगळं क्षेम. तुझी,

सोमवार, रात्रीचं जेवण आटोपून

पत्र इथवर लिहून पाकिटात घातलं होतं. सकाळी पोस्टापर्यंत नेलं आणि परत आणलं. ‘बाकी सगळं क्षेम’ हे तीन शब्दांचं खोटं आहे.

केनुवेला मारलंय, मोदिएही. मेच्या शेवटच्या शुक्रवारी, संध्याकाळी सहाला, वाचनालयाकडून दवाखान्याकडे जाते त्या पायवाटेवर. तिघांनी. जबडा मोडला आहे आणि डाव्या हाताची तीन बोटं. तू म्हणशील, चोरी असेल. तिच्या खिशातलं काही गेलं नाही. हत्यारांची पेटीसुद्धा तिथेच पडली होती, पाने आणि स्क्रू गवतात विखुरलेले. ती पुलेंगला घ्यायला बेकरीवर निघाली होती. पुलेंग तिथे पाव भाजते. दोघी एकत्र राहतात. सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही, म्हणजे जसं आपल्याकडे असतं तसं.

तिघांनाही पोलिसांनी धरलं, दोघं अजून कोठडीत आहेत. तिसऱ्याला जामीन मिळाला. तो आमच्या कार्यालयासमोर गाड्या धुतो. रोज सकाळी मी कुलूप काढते तेव्हा पाण्याचा फवारा बंद करून, टोपी काढून म्हणतो, ‘दुमेलांग, म्मे.’ नमस्कार, आई. आणि मी मान हलवते. वळण पडलंय ना चांगलं.

येत्या गुरुवारी नगरपालिकेची सुरक्षा समिती इथल्या सभागृहात बसणार आहे. प्रश्न एकच आहे. या मुलींना धोका आहे हे पालिकेला आधी कळवलं होतं का? पुलेंग म्हणते, कळवलं होतं, आम्ही दोघी स्वतः प्रभाग कार्यालयात गेलो होतो. ते खरं ठरलं तर समितीला हे प्रकरण द्वेषाचा हल्ला म्हणून हाती घ्यावं लागेल, दोघींना राहायला सुरक्षित जागा द्यावी लागेल, खटल्यात सोबत उभं राहावं लागेल. नाहीतर ओळखीच्या लोकांमधलं दारूतलं भांडण म्हणून फाइल बंद. आणि पुलेंग खोटारडी. बेकरीत तिला आताच लोक विचारतात, ‘काय गं, कुठाय तुझा कागद?’

आज नगरसेवक रामोखेले माझ्या खोलीत आला आणि दार लोटून टेबलाच्या कोपऱ्यावर बसला. तुला तो आठवणार नाही. चर्चमधल्या त्याच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीची तयारी मी करून घेतली होती, तेव्हा स्वर्गात जेवायला काय मिळतं हे विचारून त्याने मला भंडावून सोडलं होतं. आता पोट सुटलंय. माणूस वाईट नाही. तो म्हणाला, गुरुवारी तुम्हाला काही बोलायची गरज नाही, नोंदवही काय ते बोलेल.

मी म्हटलं, पण मग ती मुलगी खोटी ठरेल.

‘खोटी कशाला? दुःखात माणूस गोंधळतो, म्मे सेबोलेलो. वहीत दिवा लिहिलाय, आपण दिवा लावून देऊ. आणि तुमचं अक्षर बघून समितीवाले खूश होतील. असं अक्षर आता राहिलंय कुणाचं?’ मग उठता उठता हसून म्हणाला, ‘मार्चमधल्या तुमच्या निरोपाचं भाषण मी आत्ताच लिहून ठेवलंय. त्यात फेरफार करायला लावू नका.’

तो गेल्यावर बराच वेळ मी शाईचं पेन उघडत आणि बंद करत बसले. वहीत दिवा का लिहिलाय, ते आज लिहवत नाही. झोपते. झोप येत नाही हे वेगळं.

बुधवार

आज सकाळपासून तीनदा फाटकाला कुलूप लावलं आणि तीनदा काढलं. उद्या गुरुवार. लिहितेच आता.

आमच्या वहीत पाच भाग आहेत. पाणी, वीज, गटारं, रस्ते आणि शेवटचा सुरक्षा. दर शुक्रवारी मी त्याची स्वच्छ नक्कल करते. एक प्रत शहरातल्या कचेरीत जाते, दुसरी आमच्या दाराच्या काचेवर नावांसकट चिकटवायची, म्हणजे लोकांना आपली तक्रार पोचल्याचं दिसतं. रांगेत उभी असलेली माणसं ती यादी वर्तमानपत्रासारखी वाचतात. ‘बघ, तिच्या संडासाची तक्रार चौथ्यांदा.’

सुरक्षेच्या पानाचा नियम कडक आहे. त्यावर काहीही आलं की सात दिवसांच्या आत समितीने, ठाण्याच्या प्रमुखाला बोलावून, बैठक घ्यायची. वाटेवर गस्तीची माणसं उभी करायची. पालिकेने स्वतःच केलेला ठराव आहे आणि चांगला आहे. पण कुणीतरी त्या पानावर लिहायला हवं ना.

एप्रिलच्या पंचवीस तारखेला केनुवे आणि पुलेंग माझ्यासमोर येऊन बसल्या. केनुवेने आधी विचारलं, ‘फ्रीज कसा आहे, म्मे? कुरकुरतो का?’ मग सांगितलं. गाड्या धुणारी पोरं रोज अडवतात. एकदा बाटली फेकली. पायवाटेवरच्या चौदा नंबरच्या खांबाचा दिवा गेलाय, तिथे अंधारात उभी राहतात. आणि परवा त्यातला एक जण एक वाक्य बोलला. केनुवेने ते मला जसंच्या तसं सांगितलं, खालच्या आवाजात, जमिनीकडे बघत. मग म्हणाली, ‘हे लिहा, म्मे.’

मी वीज हे पान उघडलं. लिहिलं: ‘वाचनालय ते दवाखाना पायवाट, खांब क्रमांक १४, दिवा बंद. दोन रहिवाशांची विनंती.’

एवढंच. निळी शाई, उभ्या रेघा सरळ, खाली तारीख. त्या दोघींनी माझ्यावर विश्वास ठेवून न वाचताच सही केली.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की त्यांचं नाव त्या वाक्याबरोबर काचेवर कसं लावू? गावभर होईल. आणि हे काही अगदीच खोटं नव्हतं. पण ते वाक्य माझ्या हातून उतरेना, हेही होतं. पन्नास वर्षांनी सिस्टर आडेलहाइडची पट्टी माझ्या बोटांवर होती. मी त्या मुलींना वाचवते आहे असं मला वाटलं. वाचवलं मी फक्त ते पान.

दिव्याची विनंती दोघांचीच म्हणून ती विजेच्या यादीत तळाला गेली. बरोबरच आहे, वर चाळीस-चाळीस घरांच्या तक्रारी होत्या. पाच आठवडे गेले. त्याच खांबाखाली तिला मारलं.

नंतरच्या सोमवारी पुलेंग आली. तिच्या हातात केनुवेची ती हत्यारांची पेटी होती, कशाला घेऊन फिरत होती कोण जाणे. ‘आम्ही सांगितलं होतं ना तुम्हाला, म्मे?’ मी म्हटलं, ‘हो बाळा, लिहून घेतलंय मी.’ तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. आभार मानून गेली. माझे आभार.

आता तुला समजलंच असेल की हे पत्र दगडाबद्दल नाही.

आईच्या अंत्यविधीची पत्रिकाही मीच लिहिली होती. ‘मागे दोन मुली, चार नातवंडं.’ आईला शेवटचे सात महिने तुझ्या घरी, म्हणजे तुम्हा दोघींच्या घरी, झोलेकाने अंघोळ घातली, पायांना तेल चोळलं, तिच्यासाठी आपल्या पद्धतीची ज्वारीची आंबील शिकून घेतली. आई फोनवर मला सांगायची, ‘माझी झोलेका तुझ्यापेक्षा बरी, माझ्याशी वाद घालत नाही.’ आणि मी लिहिलं, ‘कुटुंब केपटाउन येथील शेजाऱ्यांचे आभारी आहे.’ सुंदर अक्षरात. दोनशे प्रती छापल्या.

आपण पुढच्या रांगेत बसलो आणि झोलेका मंडपामागे, मोठ्या काळ्या पातेल्यांपाशी, रोजंदारीवर आणलेल्या बायकांबरोबर बटाटे सोलत होती. कुणी तिला पुढे बोलावलं नाही. मी बोलावलं नाही. तू पत्रिका वाचलीस, चार घड्या घातल्यास आणि परत माझ्या हातात ठेवलीस. जाताना म्हणालीस, ‘येते मी, सेबोलेलो.’ जन्मभर मला औसी म्हणालीस, मोठ्या बहिणीला आपल्यात दुसरं काही म्हणतच नाहीत, आणि त्या दिवशी नावाने हाक मारलीस. तेवढं पुरलं मला. सहा वर्षं पुरलं.

गुरुवार, १३ जून, दुपार

घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस.

सभागृह भरलं होतं. मी चर्चच्या महिला मंडळाचा जांभळा पोशाख घातला होता, का ते माहीत नाही. धीर यावा म्हणून असेल. समितीत तिघं जण, अध्यक्ष शहरातून आलेली एक बाई, कोरड्या आवाजाची. आधी पुलेंग बोलली. बाईंनी विचारलं, लेखी काही आहे का? पुलेंगने माझ्याकडे बोट केलं. ‘म्मेंच्या वहीत आहे.’ एवढा विश्वास, मोदिएही. खुर्चीतून जमिनीत जावं असं वाटलं.

रामोखेलेने वही उघडून वाचून दाखवलं. खांब क्रमांक चौदा, दिवा बंद. मागून कुणीतरी म्हणालं, ‘म्हणजे बल्बसाठी आली होती.’ लोक हसले. पुलेंग हसणाऱ्यांकडे वळली नाही. माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं आईच्या मंडपातलं होतं, तुझं.

बाईंनी मला विचारलं, हे अक्षर तुमचं का? मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, या मुलींनी जे सांगितलं ते हेच का? हा प्रश्न त्यांनी नुसता रिवाज म्हणून विचारला असावा, कारण त्यांचं पेन पुढच्या ओळीवर गेलंही होतं.

मी म्हटलं, ‘नाही.’

रामोखेले हळूच म्हणाला, म्मे, बसा. मी उभी राहिले. वही मागितली, दुरुस्ती करते म्हटलं. बाई म्हणाल्या, वहीला आता हात लावायचा नाही, तोंडाने सांगा. तोंडाने! लिहिणं परवडलं असतं. मी सांगायला लागले. बाटली, अडवणं, अंधार. आणि मग म्हटलं, त्यांनी मुलींना अपमानास्पद धमकी दिली.

‘ते असं म्हणाले नव्हते, म्मे,’ पुलेंग जागेवरूनच बोलली. ‘पूर्ण सांगा. तुम्हाला पूर्ण सांगितलं होतं आम्ही.’

समोरच्या रांगेत माझ्याच मंडळाच्या बायका होत्या. एकीने मान खाली घातली होती. दाराशी तो गाड्या धुणारा उभा होता, टोपी हातात. मी त्याच्याकडे बघून ते वाक्य म्हटलं. ‘पुरुष व्हायला निघालीस ना, तुला बाई करून सोडू. आणि हिला बघायला लावू.’

कुणी हसलं नाही. बाईंनी विचारलं, हे तुम्ही का लिहिलं नाहीत? मी म्हटलं, मला लाज वाटली. मग लक्षात आलं की हे अर्धंच आहे. म्हणून म्हटलं, लाज त्या पोरांची वाटायला हवी होती, मला या मुलींची वाटली.

ही शेवटची ओळ मी तुलाही म्हणते आहे.

शुक्रवार, १४ जून

समितीने नोंद पंचवीस एप्रिलची सुरक्षेची तक्रार म्हणून धरली. पुढच्या बुधवारी पोलीस प्रमुखासह बैठक आहे. केनुवेला इस्पितळातून सोडलं की दोघींना शहरात पालिकेच्या घरात ठेवणार, पत्ता मलाही सांगणार नाहीत. यापुढे सुरक्षेचं पान काचेवर लागणार नाही. आणि तक्रार सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहायची, सहीआधी त्याला वाचून दाखवायची. हे शेवटचं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, हे इतकी वर्षं होत नव्हतं? मला चौदा दिवसांत लेखी खुलासा द्यायचा आहे. देईन. रामोखेले माझ्याशी बोलत नाही. भाषण त्याने फाडलं असावं. वाईट वाटतं, खरंच वाटतं. स्वर्गातल्या जेवणाची काळजी करणारं पोर होतं ते.

पुलेंगने माझे आभार मानले नाहीत. बाहेर पडताना एवढंच म्हणाली, ‘चौदा नंबर अजून बंदच आहे.’ आज सकाळी शिडी घेऊन माणसं आली आणि अकराच्या लख्ख उन्हात तो दिवा लावून बघितला. पेटला. मी खाली उभी राहून बघत होते, वेडीसारखी.

काल संध्याकाळी साडेपाचला बेकरीच्या दाराशी गेले, आजही गेले. पुलेंग बाहेर येते, मला बघते आणि चालायला लागते. मी दोन पावलं मागे. तिच्या घराचं कुलूप आतून लागल्याचा आवाज आला की परत फिरते. त्या गाड्या धुणाऱ्याने आज मला नमस्कार केला नाही. पाण्याचा फवारा माझ्या पावलांपर्यंत आणला, तेवढंच. भीती वाटली. पण मान हलवावी लागली नाही, ते बरं वाटलं.

आता काम सांगते. सप्टेंबरच्या पत्रिकेत तुम्हा दोघींबद्दल दोन ओळी हव्यात. झोलेका तुझी कोण आणि आईची कोण, हे तुम्ही दोघींनी बसून तुमच्या शब्दांत लिहा. मी एकही शब्द न बदलता उतरवीन. छापायला देण्याआधी फोन करून तुम्हा दोघींना वाचून दाखवीन, आणि तुम्ही गप्प राहिलात तर तेही ऐकीन. पहिल्या रांगेत आपल्या तिघींसाठी तीन खुर्च्या सांगून ठेवल्यात. आलात तर बसाल. नाही आलात तर तुमच्या दोन रिकाम्या राहतील आणि विचारणाऱ्याला मी का ते सांगेन.

झोलेकाला माझा नमस्कार. सहा वर्षं तिचं नाव मी लिहिलं नव्हतं. या पत्रात किती वेळा आलं, मोजलं नाही.

सहीच्या जागी काय लिहावं हे मला कळत नाही. जन्मभर तू मला ज्या शब्दाने हाक मारलीस, तो शब्द तुझा आहे, मी तो आपणहून लिहिणार नाही. तू म्हणशील तेव्हा.

तोवर नुसती,

सेबोलेलो